पगाराला किती महत्त्व द्यायचं? दोन ऑफर हातात असताना करायचा हिशेब

माझी भाची दोन ऑफर लेटर घेऊन आली तेव्हा तिचं जवळपास ठरलेलंच होतं. "मावशी, पहिल्या कंपनीचं पॅकेज दुसरीच्या जवळजवळ दीडपट आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे?" मी तिला विचारलं, "तुझं घर महिन्याला कितीत चालतं?" तिला सांगता आलं नाही. मग आम्ही एक कोरा कागद घेतला आणि दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे केलं तेच इथे पायरीपायरीने मांडते आहे.

नोकरीत पगाराला किती टक्के महत्त्व द्यावं, असं मला अनेक जण विचारतात. याचं एकच टक्केवारीतलं उत्तर कुणी दिलं तर ते ऐकू नका, कारण पगाराचं वजन कायम सारखं राहत नाही. घर चालवायला लागणाऱ्या रकमेच्या खाली असाल तर पगार म्हणजे जवळपास सगळंच. त्या रकमेच्या बऱ्याच वर असाल तर तोच पगार इतर चार गोष्टींच्या रांगेत येऊन उभा राहतो. म्हणून आपण त्या रेषेच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, ते आधी शोधायचं.

पायरी १: आपला किमान आकडा काढा

हे काम आठवणीवर करू नका. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडा आणि प्रत्यक्षात गेलेले पैसे लिहा: घरभाडं किंवा हप्ता, किराणा, वीज-पाणी, फोन, औषधं, प्रवास, कर्जाचे हप्ते, घरच्यांना पाठवायची रक्कम. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च शोधा. विम्याचा हप्ता, मुलांची फी, घरातली दुरुस्ती, एखादा लांबचा प्रवास. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि महिन्याच्या खर्चात मिळवा. ही पायरी बहुतेकांकडून राहून जाते आणि मग "पगार पुरत कसा नाही?" हे कोडं वर्षभर सुटत नाही.

या बेरजेत थोडी बचत धरली की झाला तुमचा किमान आकडा. बचत यात धरायलाच हवी, कारण हाताशी तीन ते सहा महिन्यांचा खर्च नसेल तर वाईट नोकरी सोडायचं स्वातंत्र्यही तुमच्याकडे नसतं.

त्याच्याखाली दुसरा आकडा लिहा. त्याला आपण निवांत आकडा म्हणू. एवढे पैसे आले तर महिनाअखेरीला छातीत धडधडणार नाही, आजारपण आलं तर कुणाकडे हात पसरावे लागणार नाहीत आणि म्हातारपणासाठीही काही बाजूला पडेल.

आता वाचायचं कसं ते सांगते. ऑफर किमान आकड्याच्या खाली असेल तर बाकी सगळं कितीही छान असलं तरी ती नोकरी तुम्हाला परवडत नाही. घेतलीच तर तात्पुरती म्हणून घ्या आणि किती महिन्यांत बाहेर पडायचं ती तारीख कागदावर लिहून ठेवा. ऑफर दोन आकड्यांच्या मधे असेल तर पगाराला झुकतं माप द्या, त्यात संकोच नको. निवांत आकड्याच्या वर गेल्यावर मात्र थांबून विचारायचं की हे वरचे पैसे कशाच्या बदल्यात मिळताहेत.

हे मी आग्रहाने लिहिते, कारण "पैसा म्हणजे सगळं काही नाही" हे वाक्य बहुतेक वेळा ज्यांचा किमान आकडा कधीच मागे पडलाय त्यांच्या तोंडून येतं. घरात एकट्याच्या कमाईवर चार माणसं असतील, डोक्यावर कर्ज असेल, तर पगार पहिल्या क्रमांकावर ठेवणं हा हावरटपणा नाही. ती जबाबदारी आहे.

पैसा आणि समाधान यांच्या नात्यावर झालेलं संशोधनही याच्याशी जुळतं. २०१० मध्ये डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून मांडलं की वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या जगण्यातला आनंद उत्पन्नाबरोबर फारसा वाढत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना उलट दिसलं: आनंद त्याच्या पुढेही वाढत राहतो. मग काहनेमन आणि किलिंग्जवर्थ बार्बरा मेलर्स यांना मधे घेऊन एकत्र बसले आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत जातो. पण जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत, साधारण तळाचे २० टक्के, त्यांच्या बाबतीत सुमारे एक लाख डॉलरनंतर ही वाढ थांबते. डॉलरचे आकडे तिथले आहेत, ते उचलून आपल्याला लावू नका. घ्यायची गोष्ट वेगळी आहे. या अभ्यासांत आनंद रकमेच्या नव्हे, पटीच्या हिशेबाने वाढतो. २० चे ४० झाले की जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक पडायला पुढे ४० चे ८० व्हावे लागतात. आणि मन ज्या कारणाने खचलंय ते कारण पैशाचं नसेल, तर एका मर्यादेनंतर पगारवाढ त्यावर औषध ठरत नाही.

पायरी २: ऑफर लेटर सोलून काढा

पत्रावरचा मोठा आकडा म्हणजे तुमचा पगार नव्हे. त्यात बेसिक असतं, भत्ते असतात, कंपनी निवृत्तीनिधीत भरते ती रक्कम असते, विम्याचा हप्ता असतो, वर्षअखेरीचा बोनस असतो, कधी शेअरही असतात. महिन्याच्या शेवटी खात्यात किती पडणार, हे त्यातून वेगळं काढायचं.

व्हेरिएबल, म्हणजे ठरलेला नसून कमी-जास्त होणारा पगाराचा भाग, हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. तो कशावर अवलंबून आहे, माझ्या कामावर की कंपनीच्या नफ्यावर? गेल्या दोन-तीन वर्षांत या पदावरच्या लोकांना त्यातला किती टक्के प्रत्यक्ष मिळाला? आणि मिळायच्या दिवशी मी नोकरीत असायलाच हवं का?

तिसरा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. एका नोकरीत माझ्या पॅकेजचा चौथा हिस्सा व्हेरिएबल होता. वर्षभर राबले, उद्दिष्टं पूर्ण केली, आणि रक्कम जमा व्हायच्या दोन आठवडे आधी माझा शेवटचा दिवस ठरला. "देयकाच्या दिवशी कर्मचारी सेवेत असणे आवश्यक" ही ओळ पत्राच्या चौथ्या पानावर होती, माझ्या सहीच्या वरच. त्यानंतर मी प्रत्येक पत्र शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करते.

तुलनेसाठी व्हेरिएबल अर्धाच धरा, मागच्या वर्षांचा ठोस पुरावा मिळाला तरच जास्त. कंपनीने दिलेले शेअर बाजारात विकता येत नसतील तर ते शून्य धरा. पुढे काही मिळालंच तर आनंद आहे. जॉइनिंग बोनस एकदाच येतो, म्हणून तो मासिक पगारात मिसळू नका, आणि ठरावीक काळाआधी सोडल्यास परत करावा लागतो का ते बघा. कंपनीचा आरोग्य विमा कुटुंबाला लागू असेल तर तसाच विमा स्वतः घेताना काय पडेल ते शोधून ती रक्कम मिळवा.

भाचीची दोन्ही पत्रं आम्ही अशी सोलली. दीडपटीचा फरक उरला नाही. पहिल्या कंपनीत हातात येणारी रक्कम १०० धरली, तर दुसरीकडे ८२ येत होते.

पायरी ३: तासाचा भाव काढा

पहिल्या ठिकाणी आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, आणि जायला-यायला प्रत्येकी दीड तास. म्हणजे कामाचे ४८ आणि प्रवासाचे १८ मिळून आठवड्याला ६६ तास. दुसरीकडे पाच दिवस, आठ तास, अर्धा-अर्धा तास प्रवास: ४० अधिक ५, एकूण ४५. प्रवासखर्च पहिल्याचा ६, दुसऱ्याचा २. तो वजा केला की उरतात ९४ आणि ८०.

महिन्याचे तास काढायला आठवड्याच्या तासांना साधारण ४.३३ ने गुणायचं. पहिल्या नोकरीचे सुमारे २८६ तास होतात, दुसरीचे १९५. आता भागाकार: पहिलीत तासाला ०.३३, दुसरीत ०.४१. कमी पगाराची नोकरी तासाला जवळजवळ २५ टक्के जास्त देत होती.

खरी गंमत पुढच्या भागाकारात आहे. पहिली नोकरी घेतल्यास महिन्याला १४ जास्त मिळतात आणि ९१ तास जास्त जातात. म्हणजे वरचे ते तास तासाला ०.१५ या दराने विकले जाताहेत, दुसऱ्या नोकरीच्या दराच्या निम्म्याहूनही कमी भावात. मी तिला विचारलं, "एवढ्या पैशांत महिन्याचे ९१ तास तू कुणाला विकशील?" ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली.

पण इथे एक धोक्याची सूचना. तासाच्या भावाने घरभाडं भरता येत नाही. भाचीचा किमान आकडा ७० निघाला होता, म्हणून ८० ची नोकरी तिला परवडणार होती. तोच आकडा ८५ असता, तर तासाचा भाव कितीही चांगला असला तरी मी तिला पहिली नोकरी घे म्हणाले असते. पायरी १ आधी येते ती याचसाठी.

प्रवासाचे तास मोजा असं सांगितलं की लोक म्हणतात, "त्याची सवय होते." ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या दीर्घकालीन पाहणीची आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई पगारातून किंवा चांगल्या घरातून होत असली पाहिजे, असा अर्थशास्त्राचा अंदाज. त्यांना आढळलं की जास्त प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी आहेत, भरपाई पूर्ण होतच नाही. कामाच्या तासांचं तर थेट तब्येतीशी नातं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. मुलाखतीत "आमच्याकडे घड्याळ बघून काम होत नाही" असं कुणी अभिमानाने म्हणालं, तर त्या वाक्याचे आठवड्याचे तास किती, ते विचारून घ्या.

पायरी ४: पाच वर्षं पुढे बघा

सुरुवातीचा पगार कमी घेतला तर तो फटका एका वर्षाचा नसतो. पगारवाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे पहिला आकडा पुढच्या सगळ्या वाढींचा पाया होतो. १०० आणि ११० वर सुरू झालेल्या दोघांना दरवर्षी सारखीच ७ टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांतल्या फरकाची बेरीज सुमारे १३८ होते. म्हणजे कमी घेणाऱ्याने सुरुवातीच्या वर्षाच्या सबंध पगाराहून जास्त रक्कम गमावली. म्हणून पहिल्या नोकरीत "दोन पैसे कमी मिळाले तर काय बिघडलं" हे मला मान्य नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एक नोकरी १०० देते आणि वर्षाला ५ टक्के वाढवते. दुसरी ९० देते पण १० टक्के वाढवते. चौथ्या वर्षी दुसरीचा पगार पुढे जातो (११९.८ विरुद्ध ११५.८) आणि सहाव्या वर्षाअखेर एकूण कमाईतही ती पुढे निघते. तेव्हा कमी पगार घेण्यात शहाणपण असू शकतं, पण वाढीचा पुरावा असेल तरच. "इथे खूप शिकायला मिळेल" हा पुरावा नव्हे. काय शिकायला मिळेल, कुणाकडून, किती महिन्यांत, आणि तीन वर्षांपूर्वी याच पदावर लागलेली माणसं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीला देता आलं नाही, तर व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळांवर स्वतः शोधा. तासाभराचं काम आहे.

महागाई विसरू नका. वस्तू वर्षाला ६ टक्क्यांनी महागत असतील आणि वाढ ४ टक्के मिळत असेल, तर तुमचा पगार दरवर्षी कमी होतोय.

पायरी ५: जास्त पगार कशाची भरपाई आहे?

बाजारभावापेक्षा बराच जास्त पगार कुणी देऊ करत असेल तर त्यामागे कारण असतं. हा विचार फार जुना आहे. अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्येच पगारातल्या फरकाची पाच कारणं सांगितली होती: काम सुखाचं की त्रासाचं, शिकायला सोपं की खर्चिक, रोजगार कायमचा की अधूनमधूनचा, कामगारावर किती विश्वास टाकावा लागतो, आणि त्या धंद्यात यश मिळण्याची शक्यता किती. त्याचं गवंड्याचं उदाहरण मला फार आवडतं. कडाक्याच्या थंडीत आणि खराब हवेत गवंड्याला काम मिळत नाही. म्हणून कामाच्या दिवशी त्याला जे मिळतं त्यात रिकाम्या दिवसांचा खर्च तर निघावाच लागतो, शिवाय काम मिळेल की नाही या काळजीचीही काही भरपाई व्हावी लागते, असं स्मिथ म्हणतो.

आपली ऑफर याच कसोटीवर घासा. कंत्राटी नोकरी असेल तर दोन कंत्राटांमधले रिकामे महिने पगारात निघतात का? रात्रपाळी, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), लांबलचक नोटीस पीरियड, डळमळीत कंपनी, वर्षात तिसऱ्यांदा रिकामं झालेलं पद, यांतलं काय आहे? भरपाई पुरेशी वाटली तर खुशाल घ्या. कर्ज फेडण्यासाठी दोन वर्षं अवघड नोकरी डोळसपणे करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचा निर्णय बरोबर होता. त्रास कळतो तो रुजू झाल्यावर, हे मात्र टाळायला हवं.

सगळ्याच गोष्टींची भरपाई पैशाने होत नाही, हेही इथेच सांगते. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींतून एक मांडणी केली. पगार, धोरणं, वरिष्ठांशी संबंध या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो, पण त्या ठीक असल्याने तो कामात रमतोच असं नाही. रमण्यासाठी साध्य केल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी आणि खुद्द काम लागतं. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, पण माझ्या अनुभवाला ती पटते. कमी पगार रोज टोचतो. चांगल्या पगाराची मात्र काही महिन्यांत सवय होते, आणि मग सोमवारी सकाळी आठवतो तो साहेब.

म्हणून ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याला भेटल्याशिवाय होकार देऊ नका. त्याला विचारा, "तुमच्या टीममध्ये कुणाकडून मोठी चूक झाली होती, तेव्हा काय केलंत?" उत्तरात तो स्वतःचा वाटा सांगतो की नुसतं त्या माणसाचं नाव घेतो, एवढं ऐका. जमलं तर त्या टीममधून बाहेर पडलेल्या एकाशी फोनवर बोला.

पायरी ६: तुलना बाजाराशी करा, मित्रांशी नको

आपल्या पदाचा, अनुभवाचा बाजारभाव माहीत असलाच पाहिजे. तीन-चार ठिकाणांहून काढा: जाहिरातीतले आकडे, भरती सल्लागार, त्याच क्षेत्रातले ओळखीचे. मित्राचा पगार मात्र निर्णयात आणू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कुठे बघता येतात हे काही जणांना कळवलं. ज्यांचा पगार मध्यापेक्षा कमी होता त्यांचं समाधान घटलं आणि ते नवी नोकरी शोधायचा विचार करू लागले. ज्यांचा जास्त होता त्यांचं समाधान काही वाढलं नाही.

पायरी ७: होकाराआधी बोलणी करा

भाचीला दुसरी नोकरी हवीशी वाटू लागली, पण ८२ वर गप्प बसायचं कारण नव्हतं. ऑफर लेटर आल्यानंतर आणि सही करण्याआधी, एवढाच काळ तुमचं पारडं जड असतं. ती जे बोलली ते साधारण असं: "मला हे काम करायचंय. या पदाचा बाजारभाव आणि माझा अनुभव बघता ९० ची अपेक्षा आहे. तिथपर्यंत येता येईल का?" एवढं बोलून ती थांबली. शांतता असह्य होऊन आपणच आकडा खाली आणतो, ते तिने केलं नाही. घरच्या अडचणी सांगू नका, नसलेली दुसरी ऑफर आहे असं खोटं सांगू नका. रक्कम वाढत नसेल तर घरून कामाचे दिवस, सुट्ट्या, प्रशिक्षणाचा खर्च किंवा सहा महिन्यांनी पगाराचा आढावा मागा. जे ठरेल ते लेखी घ्या.

तिला ८६ मिळाले, आणि सहा महिन्यांनी आढावा घेण्याची ओळ पत्रात आली.

तरीही ठरत नसेल तर

एक प्रश्न स्वतःला विचारा: कमी पगाराच्या नोकरीत किती मिळाले असते, तर मी जास्त पगाराच्या नोकरीकडे वळूनही पाहिलं नसतं? आकडा मनात येईल. तो आणि प्रत्यक्ष ऑफर यांत फरक थोडा असेल तर तो बोलणीत मिळवायचा प्रयत्न करा. फरक फार मोठा असेल तर त्या नोकरीचं तुम्हाला वाटतं तेवढं आकर्षण नाही. आणि कितीही मिळाले असते तरी मन जास्त पगाराच्या नोकरीकडेच जात असेल, तर प्रश्न पगाराचा नव्हताच. तिथलं काम, नाव, शहर किंवा माणसं तुम्हाला हवी आहेत, ते तसं उघड लिहा.

जुन्या नोकरीचा राजीनामा नव्या पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच द्या. राजीनामा दिल्यावर जुना मालक पगार वाढवून थांबवू लागला, तर त्या आकड्याआधी आपण बाहेर का पडत होतो ते आठवा. कारण पगाराचं असेल तर विचार करा, साहेबाचं असेल तर नाही. हिशेबाचा कागद जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी काढून प्रत्यक्षातले तास, प्रवास आणि हातात आलेली रक्कम शेजारी लिहा. भाचीच्या कागदावर ४५ तासांच्या पुढे आता ४९ लिहिलेलं आहे. आढाव्याच्या बैठकीला ती तो कागद घेऊन जाणार आहे.